दाबायचं कुठे?

नाशिकच्या जुन्या सीबीएसच्या आसपास, न्यायालय आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या सावलीत, झेरॉक्स, टायपिंग, स्टॅम्प पेपर आणि 'ऑनलाइन अर्ज भरून मिळतील' अशा पाट्यांची दाटी आहे. त्यातल्या एका अरुंद गाळ्यात माझे एक मित्र बसतात. आधी टाइपरायटर होता, मग डीटीपी आलं, आता दोन कॉम्प्युटर आणि एक कुरकुरणारा प्रिंटर. त्यांची भाची गंगापूर रोडवरच्या एका कंपनीत वेबसाइटची पानं आखते. कोणतं बटण कुठे, केवढं, कोणत्या रंगाचं, हे ठरवणं तिचं काम.

ऑगस्टमधली संध्याकाळ होती. गंगापूर धरणातून पाणी सोडलेलं, बाहेर रिपरिप, गिऱ्हाईक तुरळक. भाची नव्या कामाचे नमुने मामाला दाखवायला आली होती : शेतकऱ्यांसाठीच्या एका पोर्टलची बटणं आणि लिंका. मी माझ्या कागदाच्या प्रिंटसाठी थांबलो होतो. प्रिंट हातात आली तरी उठलो नाही.

मामा : हे काय आहे? नुसती अक्षरं की बटण?

भाची : बटण. दुय्यम आहे म्हणून फिकट ठेवलंय. मुख्य बटण भरीव निळं, दुय्यम नुसत्या चौकटीचं.

मामा : आणि ही चौकट बागेत, उन्हात दिसेल?

भाची : थोडी गडद करीन.

मामा : हे बघ, माझ्याकडे येणारा माणूस दोनच प्रश्न विचारतो. बसताना विचारतो, "दाबायचं कुठे?" उठताना विचारतो, "झालं ना?" तुमचं सगळं शास्त्र या दोन प्रश्नांच्या मधे बसवून दाखव.

भाची : पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दाबायची गोष्ट दाबण्यासारखी दिसली पाहिजे. बँकेच्या दारावर 'ढकला', 'ओढा' असे स्टिकर का चिकटवावे लागतात? कारण दोन्ही बाजूंना सारखीच मूठ बसवलेली असते. डोनाल्ड नॉर्मन नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं १९८८ मध्ये रोजच्या वस्तूंच्या रचनेवर पुस्तक लिहिलं. त्यानंतर असल्या फसव्या दारांना आमच्या धंद्यात त्यांचंच नाव पडलं. बिचाऱ्यांनी दारं केली नव्हती, तक्रार केली होती.

मामा : तक्रार करणाऱ्याच्याच नावावर खापर. आपल्याकडच्यासारखंच.

भाची : वेबसाइटवर दार दोन जातींचं असतं. लिंक नेते, बटण करतं. दुसऱ्या पानावर जायचं असेल तर लिंक : वेगळा रंग, खाली रेघ. १९९३ च्या मोझॅक ब्राउझरपासून जगाची नजर निळ्या, रेघ ओढलेल्या लिंकेला सरावली आहे. अर्ज पाठवायचा, पैसे भरायचे, नोंद खोडायची तर बटण. लिंक चुकून दाबली तर माणूस मागे फिरतो. बटण दाबलं की काहीतरी घडून गेलेलं असतं. म्हणून दोघांचा वेश वेगळा हवा.

मामा : हे पटलं. परवा एका योजनेचा अर्ज भरत होतो. खाली बटण होतं, 'पुढे'. मला वाटलं, पुढचं पान येईल, तिथे सगळं एकदा तपासू. कसलं काय, अर्जच गेला! खाते क्रमांकातला एक आकडा चुकलेला, आणि दुरुस्तीची सोय नाही. आयुष्य अर्जांत गेलेल्या माणसाची ही गत.

भाची : तिथे 'अर्ज पाठवा' असं लिहायला हवं होतं.

मामा : म्हणजे गाडी शब्दांवर आली. तू मघापासून रंग सांगतेस, वेश सांगतेस. तुझ्या त्या भरीव निळ्या बटणावर काय लिहिलंय? 'सादर करा'. या खुर्चीत बसून "काका, माझा अर्ज सादर करा" असं अजून कोणी म्हणालेलं नाही.

भाची : सगळ्या संकेतस्थळांवर तेच असतं, मामा. एकसारखेपणालाही किंमत असते. एकदा शिकलं की सगळीकडे चालतं.

मामा : चुकीचं एकसारखं असलं तर चूकही सगळीकडे चालते. सातबारा घे. त्यातला सात म्हणजे गाव नमुना सात, 'अधिकार अभिलेख पत्रक'. बारा म्हणजे 'पिकांची नोंदवही'. नावं कायद्याची आहेत, बरोबर आहेत. पण दिंडोरीहून आलेला माणूस काय म्हणतो? "उतारा काढायचाय, सहीचा." त्या 'सहीचा' शब्दात सगळं आलं. नुसता बघायचा सातबारा महाभूलेख संकेतस्थळावर पैसे न भरता दिसतो, पण तो माहितीपुरता. कचेरीत दाखवायला डिजिटल सहीचा लागतो. २०१८ पासून तो घरबसल्या निघतो, १५ रुपयांत. आता मला सांग, तुझ्या पानावर याची बटणं कशी असतील?

भाची : 'अभिलेख पाहा' आणि 'स्वाक्षरीत प्रत डाउनलोड करा'.

मामा : माझी अशी : 'सातबारा नुसता बघा, फुकट'. 'सहीचा सातबारा काढा, १५ रुपये'. मला विचारायला कोणी येणार नाही.

भाची : 'फुकट' नाही लिहिता येणार. 'मोफत' लिहीन.

मामा : मोफत लिही. पण पैशाचा आकडा बटणावरच टाक, आतल्या पानात लपवू नकोस. आणखी एक ऐक. आत्ता धरणातून पाणी सोडलंय, बातमीत क्युसेक सांगतात. क्युसेक म्हणजे किती, हे या गल्लीत कोणाला ठाऊक आहे? गंगेवरून, म्हणजे गोदावरीवरून, येणाऱ्याला लोक एकच विचारतात, "मारुतीच्या कुठपर्यंत आलंय?" पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला की छातीला. लहान पोराला कळतं, म्हाताऱ्याला कळतं. बटणावरचा शब्द असा पाहिजे.

भाची : पण मारुती नाशकात आहे. चंद्रपूरच्या माणसाला तुमची कमर काय कळणार? आणि धरणाचा दरवाजा किती उचलायचा, हे अभियंत्यानं मारुतीकडे बघून ठरवायचं का? राज्यभराचं संकेतस्थळ असेल तर शब्द सगळ्यांना एकच लागतो. तुमचा माणूस एकर-गुंठ्यांत बोलतो, सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो. मी रकान्यावर 'किती गुंठे?' लिहिलं आणि नोंद हेक्टरच्या घरात पडली, तर कोर्टकचेरी कोणाला?

मामा मिनिटभर गप्प झाले. बाहेर कोणाची तरी छत्री झटकल्याचा आवाज आला.

मामा : हे खरं आहे. नोंद कायद्याच्याच मापात हवी. पण मग शेजारी लिही ना, एक एकर म्हणजे चाळीस गुंठे, आणि एक गुंठा म्हणजे जवळजवळ एक आर. हिशोब क्युसेकमध्ये ठेव, निरोप मारुतीच्या भाषेत दे.

भाची : एवढं मान्य. रकाना कायद्याचा, शेजारची ओळ माणसाची. पण तुमचे शब्द घेतले तरी ते बसवायचे कसे, हे आमचं दुखणं तुम्हाला माहीत नाही. बटणांचे साचे इंग्रजीसाठी केलेले असतात. इंग्रजीत बटण उठून दिसावं म्हणून सगळी अक्षरं कॅपिटल करतात. आपल्याकडे कॅपिटल नाहीत. मग कोणीतरी अक्षरांमध्ये अंतर टाकतं. देवनागरीत अंतर टाकलं की शिरोरेघ तुटते, 'पाठवा'ची अक्षरं दोरीवर वाळत घातल्यासारखी दिसतात. लिंकेखालची रेघ इंग्रजीत मोजक्या शेपटीवाल्या अक्षरांना लागते. आपले उकार, ऊकार, ऋकार सगळे खालीच लोंबतात. 'मूळ पृष्ठ' या शब्दांखालून रेघ चिकटून गेली की मू आणि पृ दोन्ही खोडल्यासारखे. रेघ जरा खाली उतरवावी लागते, मात्रा आली तिथे तोडावी लागते.

मामा : हे मी डीटीपीत भोगलंय. वर काय होतं?

भाची : वर रफार आणि वेलांट्या कापल्या जातात. इंग्रजीच्या मापानं बटणाची उंची ठरवली की 'अर्ज'चा रफार जातो आणि उरतो 'अज'.

मामा : अज सादर करा! म्हणजे बोकड घेऊन कचेरीत जायचं.

भाची : हसू नका, आमच्या एका नमुन्यात खरंच झालं होतं.

मामा : आणि बोटांचं काय? द्राक्षाची छाटणी करून आलेल्या माणसाचं बोट बघितलंस का कधी? तुझं 'हो' आणि 'नाही' इतकं जवळ आहे की त्याचा अंगठा दोन्हींवर एकदम बसेल.

भाची : इथे मात्र मी तुमच्या बाजूची आहे. १९५४ मध्ये पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञानं हे मोजून दाखवलं : जागा जितकी लहान आणि लांब, तितका तिथे नेमका हात पोचायला वेळ जास्त. वेब सगळ्यांना वापरता यावं यासाठीचे जे जागतिक निकष आहेत, त्यांच्या २०२३ च्या आवृत्तीत दाबायच्या जागेची लांबी-रुंदी किमान २४ पिक्सेल सांगितली आहे, आणि वरच्या दर्जासाठी ४४. मी ४४ च्या खाली जात नाही. अक्षर आणि त्यामागचा रंग यांतला फरकही मोजायचा असतो. साध्या आकाराच्या अक्षरांसाठी निदान साडेचारास एक.

मामा : मग मघाचं फिकट बटण?

भाची : ते त्यात बसत नाही. कबूल.

मामा : एक अंध शिक्षक माझ्याकडे येतात. खरं तर त्यांना माझी गरज नसते, मोबाइल त्यांना सगळं वाचून दाखवतो. पानावरच्या नुसत्या लिंका ओळीनं ऐकायच्या आणि हवी ती उघडायची, अशी त्यांची रीत. एकदा मला ऐकवलं. "येथे क्लिक करा. येथे क्लिक करा. येथे क्लिक करा." सात वेळा. मला म्हणाले, "अहो, हे 'येथे' म्हणजे नेमकं कुठे?"

भाची : लिंकेनं स्वतःचं नाव सांगायला हवं. 'पात्रतेच्या अटी वाचा', 'कागदपत्रांची यादी पाहा'. बाजूचं वाक्य काढून घेतलं तरी कळेल असं. आणि ही मेहेरबानी नव्हे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे. सर्वोच्च न्यायालयानं ३० एप्रिल २०२५ ला तर डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच, अनुच्छेद २१ चा भाग मानला.

मामा : कायदा दिल्लीचा कशाला, उदाहरण नाशिकरोडचं दे. तिथल्या नोटांच्या छापखान्यात १९२८ पासून नोटा छापतात. खिशातली शंभराची काढ, बोट फिरव. उठावाचा त्रिकोण आणि कडेला चार तिरक्या रेघा. पाचशेवर गोल आणि पाच रेघा. त्या शिक्षकांनी मला शिकवलं. डोळ्यांना वेगळं, बोटांना वेगळं, पण नोट तीच. 'येथे शंभर रुपये आहेत' असं कोणी छापत नाही.

भाची : हे मी उद्या ऑफिसात सांगणार.

मामा : सांग. पण आता माझं खरं भांडण ऐक. तुम्ही सगळं सोपं करत सुटला आहात. मला वाटतं, काही बटणं अवघड पाहिजेत.

भाची : हे उलटंच झालं.

मामा : सिन्नरच्या एकानं जुना पंप विकायला काढला. फोन आला, "पैसे पाठवतोय. मोबाइलवर बटण येईल, दाबा आणि पिन टाका." यानं दाबलं. पैसे आले नाहीत, गेले. घ्यायच्या पैशाला पिन लागतच नाही, हे त्याला कोण सांगणार? बटणावर इंग्रजीत 'पे' होतं म्हणे.

भाची : तिथे 'तुमच्या खात्यातून इतके रुपये जातील' असं मराठीत, ठळक लिहिलं असतं तर?

मामा : कानात माणूस बोलत असताना डोळे वाचत नाहीत. शेवटी काय झालं? ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं त्यावर एका माणसानं दुसऱ्याकडे अशी पैशाची मागणी पाठवायची सोयच बंद केली. बटण सुधारलं नाही, उपटून टाकलं. कधीकधी तेच बरं असतं.

भाची : तुमचा मुद्दा अर्धा घेते. परत फिरता येत नाही अशा बटणाआधी एक पायरी हवी : काय भरलंय ते पुन्हा दाखवा, आणि मग विचारा. पण अवघड करणं आणि थांबवणं यांत फरक आहे. अवघड तर फसवणारेही करतात. तिकीट काढताना विम्याची खूण आधीच केलेली. 'घ्या' मोठं हिरवं, 'नको' बारीक आणि फिकट. सदस्यत्व घ्यायला एक बटण, सोडायला पाच पानं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२३ मध्ये असल्या चाळ्यांचे तेरा प्रकार नावानिशी सांगून त्यांना मनाई केली. म्हणून मी आधी विचारते, हे सोपं कोणासाठी केलंय आणि अवघड कोणासाठी?

मामा : मग तुझं ते फिकट दुय्यम बटण, त्यावर काय लिहिलंयस?

भाची : 'रद्द करा'.

मामा : आणि वर प्रश्न काय आहे?

भाची (पडद्याकडे बघत) : 'अर्ज रद्द करायचा आहे का?' खाली 'ठीक आहे' आणि 'रद्द करा'.

मामा : आता मला सांग, ज्याला अर्ज राहू द्यायचाय त्यानं काय दाबायचं? रद्द करणं रद्द करा?

भाची खरंच खजील झाली. तिनं वहीत लिहिलं : 'अर्ज काढून टाका' आणि 'अर्ज राहू द्या'. दोन्ही सारख्याच ठळक. मग पेन ठेवून मामांकडे वळली.

भाची : आता मीही एक विचारू? राग मानू नका.

मामा : विचार.

भाची : ही सगळी बटणं खरंच स्पष्ट झाली, शब्द तुमचे, आकार माझे, तर या खुर्चीत कोण बसेल? दिंडोरीचा माणूस बसचं भाडं, अर्धा दिवस आणि तुमची फी मोडून इथे येतो, तो माझ्या धंद्याच्या चुकांमुळे. म्हणजे आमच्या वाईट बटणांवर तुमचं दुकान चालतं. आणि तुम्ही त्याच्यासाठी दाबता, त्याला दाबायला शिकवत नाही.

गाळ्यात पंख्याचा आवाज तेवढा राहिला. मला वाटलं, उठावं. मामांनी चष्मा काढून पुसला.

मामा : खोटं नाही. पोट त्याच्यावर आहे. गर्दी असली की मी माउस कोणाच्या हाती देत नाही. पण एक बघितलंय, तेही सांगतो. ज्यांना सगळं येतं, तेही येतात. कॉलेजातली पोरं येतात. मोबाइलवर अर्ज भरलेला असतो, शेवटचं बटण माझ्यासमोर दाबतात. का? कारण दाबल्यावर तुमच्या पानावर एक चाक फिरत राहतं. फिरतं, थांबतं, पान कोरं. पैसे कापले गेल्याचा मेसेज येतो, पावती येत नाही. माणूस घाबरून परत दाबतो, परत पैसे. त्यांना बटण दाबून देणारा नको असतो. 'झालं' म्हणणारा हवा असतो.

भाची : तुमचा दुसरा प्रश्न.

मामा : तोच. दाबायचं कुठे, हे माणूस चार वेळा चुकून शिकतो. झालं की नाही, हे त्याला कोणीतरी सांगावंच लागतं. मतदानाचं यंत्र बघ. शाळेत न गेलेली म्हातारीही निळं बटण दाबून येते.

भाची : त्याची घडण आपल्या पवईच्या आयआयटीतल्या डिझाइनच्या प्राध्यापकांनी केलेली आहे. एक उमेदवार, एक बटण, नावाच्या अगदी शेजारी. बाजूला ब्रेल.

मामा : आणि दाबल्यावर? लाल दिवा लागतो, लांब शिट्टी वाजते, व्हीव्हीपॅटच्या काचेत चिठ्ठी सात सेकंद दिसते. म्हातारी बाहेर येऊन कोणाला विचारत नाही, झालं ना म्हणून. तुमच्या पानावर काय येतं? 'आपली विनंती यशस्वीरीत्या नोंदविण्यात आली आहे.' कुठे नोंदवली, कोण बघणार, किती दिवसांत, पुन्हा कधी यायचं, काही नाही.

भाची : दाबल्याबरोबर बटण बंद व्हायला हवं आणि त्यावर 'पाठवत आहे, थांबा' यायला हवं, म्हणजे दुसऱ्यांदा दाबताच येणार नाही. मग पावती क्रमांक, तारीख, आणि पुढे काय होणार ते दोन ओळींत. वर मोठ्या अक्षरांत...

मामा : 'झालं'.

भाची : 'अर्ज पोचला'. 'झालं' नाही चालायचं मामा, मंजुरी मिळाली असं वाटेल.

मामा (थोडं थांबून) : हं. तेही खरंय. 'पोचला' लिही. 'झालं' मीच म्हणत जाईन.

भाची : मी माझ्या दोन सहकाऱ्यांना पुढच्या आठवड्यात इथे बसवू का? काही बोलणार नाहीत. येणारा माणूस काय मागतो, कोणत्या शब्दांत मागतो, तेवढं लिहून घेतील.

मामा : बसव. पण माझी फी?

भाची : तुमचं गिऱ्हाईक कमी करायला येणार आहेत, तरी फी?

मामा : म्हणून तर.

दोघं हसले. अंधार पडला होता. मामांनी कॉम्प्युटर बंद केले, शटर ओढलं, वाकून कुलूप लावलं. मग कुलूप हातात धरून एकदा खाली ओढून पाहिलं. दोन पावलं गेले, परत आले आणि पुन्हा एकदा ओढून पाहिलं. भाची छत्री उघडून उभी होती.

"झालं ना?" तिनं विचारलं.